उपऱ्याची वहिवाट

पेशवाई बुडाल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जिंकलेल्या मुलुखाचा जो अहवाल वरिष्ठांस सादर केला, त्यात दख्खनच्या गावगाड्यातील जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग त्याने मोठ्या कुतूहलाने वर्णिलेले आहेत. एक मिरासदार, त्याची जमीन वडिलार्जित, ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा अधिकार त्याच्याकडे, आणि गावकीत त्याच्या शब्दाला वजन. दुसरा उपरी, कौल घेऊन सरकारच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जमिनीवर नांगर धरणारा, पिकाचा धनी पण जमिनीचा नव्हे, मर्जी असेल तोवर राहणारा. हा भेद इतिहासाच्या पुस्तकांतून वाचणारे पुष्कळ असतील. परंतु ज्यांनी आपल्या उमेदीची काही वर्षे दुसऱ्याच्या मालकीच्या सर्व्हरवर, वाट्यास आलेल्या एका होम डिरेक्टरीच्या चतुःसीमेत राहून, आपल्या कामाचे चार प्रोग्राम चालविण्यात घालविली, त्यांना तो पुस्तकाविनाच कळलेला असतो. त्या यंत्राचा मिरासदार म्हणजे रूट. आणि ज्याच्याजवळ रूटचा पासवर्ड नाही, पण ज्याला एखादे परके मॉड्यूल आणून आपल्या प्रोग्रामला जोडावयाचे आहे, तो उपरी. या उपऱ्याने तीस-पस्तीस वर्षांत जी वहिवाट पाडली, तिचा हा वृत्तांत आहे.

संगणकावर धनी आणि कूळ हा भेद मुळात नव्हता. आरंभीच्या यंत्रांपुढे एका वेळी एकाच मनुष्याचे काम उभे राही, आणि ते संपले की यंत्र दुसऱ्याच्या स्वाधीन होई. एकाच छपराखाली अनेक बिऱ्हाडे नांदण्याचा प्रश्नच नसल्यामुळे भिंती कोणी घातल्या नव्हत्या. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात एक यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखविली, आणि भिंतींची गरज तेथून उत्पन्न झाली. प्रत्येकाच्या फाइली निराळ्या ठेवावयाच्या म्हणून पासवर्ड आला; आणि पासवर्डांची यादी कोणीतरी सांभाळावयाची म्हणून सांभाळणाराही आला.

त्या पद्धतीच्या इतिहासातील एक प्रसंग आमच्या विषयाशी इतका निगडित आहे की तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. साठच्या दशकाच्या मध्यास एके दिवशी असे झाले की, यंत्रात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डांची यादी छापून येऊ लागली. शोधाअंती कारण सापडले ते असे: फाइली दुरुस्त करण्याचा जो एडिटर होता, तो काम चालू असताना एक तात्पुरती फाइल निर्माण करी आणि तिला नेहमी एकच ठरावीक नाव देई, कारण एका डिरेक्टरीत एका वेळी एकच मनुष्य काम करणार हे त्याच्या कर्त्याने गृहीत धरले होते. व्यवस्थापकांची डिरेक्टरी मात्र सामाईक होती. तेथे एकजण सूचना दुरुस्त करीत असता दुसऱ्याने पासवर्डांची यादी दुरुस्त करावयास घेतली, आणि दोन दप्तरांची अदलाबदल झाली. कोर्बाटो यांनी हा प्रसंग पुढे आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्वतःच कथन केला. सामाईक जागेत दोन हात एकाच वेळी पडले की काय अनर्थ होतो, याचा हा बहुधा पहिला नामांकित दाखला. आणि गंमत अशी की त्यात उपऱ्याचा हात कोठेच नव्हता, दोन्ही हात मिरासदारांचेच होते.

बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ज्या युनिक्सचा पाया घातला, तिने ही व्यवस्था जवळजवळ जमाबंदीच्या काटेकोरपणाने लावून दिली. प्रत्येक फाइलीला एक मालक. मालकाने, त्याच्या गटाने आणि इतरांनी ती वाचावी, लिहावी की चालवावी याचे निरनिराळे परवाने. आणि या सर्व परवान्यांना न जुमानणारा, शून्य क्रमांकाचा एकच वापरकर्ता, ज्याला तिच्या पुस्तिकेत सुपर-यूजर म्हटले आहे. सर्वांच्या उपयोगाची साधने ‘यूएसआर’ नामक सामाईक डिरेक्टरीत असावीत, ती सर्वांनी वाचावी व चालवावी, परंतु तेथे लिहिणे फक्त रूटने, असा शिरस्ता पडला. एखाद्या नेमक्या कामापुरते रूटचे मुखत्यारपत्र दुसऱ्याने चालविलेल्या प्रोग्रामला देण्याची युक्तीही रिची यांनी काढली. तिच्या पेटंटसाठी १९७३ साली अर्ज झाला आणि १९७९ साली ते मिळाले. स्वतःचा पासवर्ड बदलण्यासारखे काम सामान्य वापरकर्त्याला करता येते ते त्या मुखत्यारपत्राच्या जोरावर. परंतु परके मॉड्यूल सामाईक जागेत बसविण्याच्या कामी असे मुखत्यारपत्र देता येण्याजोगे नव्हते, आणि ते का, हे पाहण्यासाठी पर्लच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

लॅरी वॉल यांनी १९८७ च्या डिसेंबरात पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली आणि १९९४ च्या ऑक्टोबरात तिची पाचवी आवृत्ती आणली. या पाचव्या आवृत्तीत मॉड्यूलांची अशी सोय झाली की एकाने लिहिलेले काम दुसऱ्याने एका ओळीत आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यावे. पुढच्याच वर्षी, १९९५ च्या ऑक्टोबरात, सीपॅन हे जगभरच्या पर्ल-लेखकांचे सामाईक भांडार जाहीर झाले. फिनलंडचे यार्को हिएतानिएमी हे त्याचे पहिले भांडारी, आणि जर्मनीचे आंद्रेआस क्योनिग यांनी लिहिलेले, भांडारातून माल उतरवून घेण्याचे साधन १९९७ सालच्या ५.००४ या आवृत्तीपासून पर्लबरोबरच मिळू लागले. तारखा मोजण्यापासून पत्रे पाठविण्यापर्यंत आणि कोष्टके वाचण्यापासून डेटाबेसाशी बोलण्यापर्यंत हरएक कामाचे मॉड्यूल या कोठारात सापडे, आणि घेणाऱ्याला दमडी मोजावी लागत नसे. माल मिळाला, तो ठेवावयाचा कोठे, एवढाच प्रश्न उरला.

मॉड्यूल बसविण्याच्या चार पायऱ्या त्या काळच्या प्रत्येक पर्ल-लेखकाला संध्येच्या चोवीस नावांइतक्या पाठ होत्या: प्रथम मेकफाइल डॉट पीएल चालवावयाचे, मग मेक, मग मेक टेस्ट, आणि शेवटी मेक इन्स्टॉल. पहिल्या तीन पायऱ्या उपऱ्याला बिनबोभाट चढता येत, कारण त्या त्याच्याच घरात घडत; चौथीवर, म्हणजे तयार माल सामाईक डिरेक्टरीत नेऊन ठेवण्याच्या क्षणी, ‘परमिशन डिनाइड’ असे दोन शब्द पडद्यावर उमटत आणि सगळा खटाटोप तेथेच थांबे. तेव्हा सर्व्हरच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे अर्ज करणे आले. प्रस्तुत लेखकाने आपल्या एका छोट्या संकेतस्थळासाठी तारखांचे एक मॉड्यूल बसवून मिळावे असा अर्ज एका होस्टिंग कंपनीकडे केला होता. नवव्या दिवशी उत्तर आले की आपल्या भाड्याच्या श्रेणीत ही सोय अंतर्भूत नाही. त्या वेळी राग आला. आता वाटते की उत्तराचा सूर उर्मट असला तरी निर्णय अगदीच अन्यायाचा नव्हता. मेकफाइल डॉट पीएल हा स्वतःच एक प्रोग्राम असतो, परक्याने लिहिलेला. तो रूटच्या हाताने चालविणे म्हणजे अनोळखी गवंड्याला खिडकी बसविण्यासाठी बोलावून तिजोरीसकट सगळ्या घराच्या किल्ल्या त्याच्या हाती देणे. शिवाय ज्या यंत्रावर शेकडो बिऱ्हाडे आहेत, तेथे एकासाठी बदललेल्या मॉड्यूलाने दुसऱ्याचा चालता प्रोग्राम मोडला तर तक्रार कोणी ऐकावयाची?

वाट निघाली ती पर्लच्या स्वभावातून. एखादे मॉड्यूल मागितले की पर्ल ते ठरावीक डिरेक्टऱ्यांच्या एका यादीत क्रमाने शोधते. ‘इन्क्लूड’ या शब्दाची पहिली तीन अक्षरे हेच त्या यादीचे नाव. मॉड्यूल न सापडल्यास पर्ल नुसता नकार देऊन गप्प बसत नाही, तर मी अमुक जागा पाहिली, तमुक जागा पाहिली, कोठेच आढळले नाही, असा बेलिफाच्या पंचनाम्यासारखा साद्यंत जबाब लिहून देते. हा जबाब नीट वाचणाऱ्याच्या ध्यानात येई की यादी रूटच्या मालकीची असली, तरी आपल्या प्रोग्रामापुरती तिच्या अग्रभागी आपल्या घराची नोंद करण्यास कोणाची मनाई नाही. प्रोग्रामच्या प्रारंभी ‘यूज लिब’ असे लिहून पुढे आपल्या डिरेक्टरीचा पत्ता दिला, की पर्ल प्रथम तेथे पाहू लागे. किंवा हीच गोष्ट ‘पर्ल५लिब’ नावाच्या चलामार्फत, प्रोग्रामला हात न लावता, साधता येई. आणि मेकफाइल बनविताना ‘प्रीफिक्स’ या शब्दापुढे आपल्या घराचा पत्ता दिला, की चौथी पायरी सामाईक जागेकडे न वळता निमूटपणे घराकडे येई. आपल्याच घरात कोठार बांधून तेथून माल वापरण्याची ही सोय अगोदरपासूनच होती. उपऱ्यांनी तिला वहिवाटीचे रूप दिले.

या वहिवाटीत खाचखळगे मात्र पुष्कळ होते. ‘प्रीफिक्स’ दिले तरी माल घरात नेमका कोणत्या खोलीत जाऊन पडेल हे निश्चित नसे. यंत्रावरील मूळ पर्लची जशी मांडणी, तिची नक्कल घरात होई, आणि ती मांडणी प्रत्येक यंत्रावर निराळी असल्यामुळे एका सर्व्हरवर चालणारा पत्ता दुसऱ्यावर खोटा ठरे. पुढे ‘इन्स्टॉल बेस’ नावाची सुधारित तरतूद आली, ती या अनिश्चिततेला कंटाळूनच. दुसरी अडचण वेबची. संकेतस्थळावरील पर्लचे प्रोग्राम १९९३ पासून रूढ झालेल्या सीजीआय पद्धतीने चालत, म्हणजे ते चालविणारा हात आपला नसून वेब-सर्व्हरचा असे. आणि हा वेब-सर्व्हर बहुधा ‘नोबडी’ अशा यथार्थ नावाच्या, कसलाच अधिकार नसलेल्या वापरकर्त्याच्या वेषात वावरे. आपण आपल्या लॉगिनच्या फाइलीत ‘पर्ल५लिब’ लिहून ठेवलेले त्याला कोठून ठाऊक असणार? त्यामुळे टर्मिनलवर सुरळीत चाललेला प्रोग्राम ब्राउझरमधून हाक मारताच ‘५०० इंटर्नल सर्व्हर एरर’ म्हणून कोसळे, आणि अनुभवी लोक नवख्याला सांगत की बाबा, चलावर विसंबू नकोस, ‘यूज लिब’ प्रोग्राममध्येच लिही. अपाचे सर्व्हरच्या १.२ या आवृत्तीत, १९९७ साली, असा प्रोग्राम त्याच्या मालकाच्याच नावाने चालविण्याची सोय झाली. पण ती देणे न देणे पुन्हा धन्याच्या मर्जीवर.

यांहूनही अवघड स्थिती ज्यांना टर्मिनलच मिळत नसे त्यांची. स्वस्त भाड्यात केवळ एफटीपीने फाइली चढविण्याची परवानगी असे; तेव्हा मॉड्यूल घरच्या संगणकावर उलगडावयाचे, त्यातल्या फाइली एकेक करून हव्या त्या डिरेक्टरीत चढवावयाच्या आणि त्यांचे परवाने सातशे पंचावन्नवर आणावयाचे, हा एक स्वतंत्र धंदाच होऊन बसला होता. निखळ पर्लमध्ये लिहिलेले मॉड्यूल अशा रीतीने चाले. परंतु ज्याचा काही अंश सी भाषेत असे, ते त्या यंत्रावरच कंपायलरने घडवावे लागे, आणि कंपायलर उपऱ्याच्या हाती देणे बहुतेक धन्यांना नको वाटे. घरून घडवून आणलेला माल यंत्र निराळ्या जातीचे असेल तर निरुपयोगी. आणि जात एकच असूनही एखाद्या रात्री धन्याने पर्लची आवृत्ती बदलली, तर सकाळी निखळ पर्लची मॉड्यूले पूर्ववत चालत व सीचा अंश असलेली मुकी होत. यामुळेच एकाच कामाची दोन मॉड्यूले, एक सीच्या साहाय्याने वेगवान आणि दुसरे निखळ पर्लचे पण मंद, अशी जोडी लिहिण्याची चाल पडली. दुबळ्यांची सोय म्हणून लिहिलेल्या त्या मंद मॉड्यूलांचे ऋण आम्ही तरी विसरलेलो नाही.

या विखुरलेल्या युक्त्यांना शास्त्राचे रूप दिले ते मॅट ट्राउट यांच्या लोकल-लिब या मॉड्यूलाने. होम डिरेक्टरीत ‘पर्ल५’ नावाची एक डिरेक्टरी, तिच्यात ठरावीक मांडणी, आणि ती पर्लला, मेकफाइलला व शेलला एकदम कळविणाऱ्या काही ओळी, एवढाच त्याचा संभार. पण त्यातही एक मौजेचा पेच होता: घरात मॉड्यूल बसविण्याची सोय करणारे हे साधन स्वतःच एक मॉड्यूल, तेव्हा ते बसवावयाचे कसे? त्यासाठी स्वतःलाच आधी घरात ओढून घेण्याची एक वेगळी रीत त्याला शिकवावी लागली. २०१० साली तात्सुहिको मियागावा यांनी सीपॅन-मायनस हे आटोपशीर साधन आणले, आणि त्यात वहिवाटीला जणू सनदच मिळाली; सामाईक डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार नाही असे दिसले, तर ते वाद न घालता तशी एक ओळ सांगून माल आपण होऊन घरच्या ‘पर्ल५’त नेऊन ठेवी. ज्या स्थितीत पूर्वी काम अडे, तीच स्थिती आता साधनाच्या कर्त्याने आधीच ध्यानात घेतली होती.

पायथन या भाषेच्या लोकांचा इतिहास याच वळणाने गेला, म्हणून तो थोडक्यात सांगतो. तेथेही प्रथम एक चल होते. मग २००८ च्या २.६ या आवृत्तीत प्रत्येक वापरकर्त्याच्या घरी ‘डॉट लोकल’ या अदृश्य डिरेक्टरीत मॉड्यूले ठेवण्याची अधिकृत सोय झाली. परंतु त्याआधीच, २००७ साली, इयन बिकिंग यांच्या व्हर्च्युअलएन्व्हने एक पाऊल पुढे टाकले होते: प्रत्येक वापरकर्त्याला नव्हे, प्रत्येक कामाला स्वतंत्र कोठार. २०१२ च्या ३.३ या आवृत्तीत ही कल्पना पायथनच्या मूळ संचात दाखल झाली.

जेथे यंत्र प्रचंड आणि वापरणारे अनेक, तेथे मात्र धन्यानेच उपऱ्यांची सोय पाहिल्याचे उदाहरण आहे. जॉन फर्लानी यांनी १९९१ साली सॅन डिएगोच्या परिषदेत ‘मॉड्यूल्स’ नावाचीच एक पद्धत मांडली. येथे मॉड्यूल याचा अर्थ निराळा, म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरची विशिष्ट आवृत्ती आपल्या शेलपुढे आणून उभी करणारी एक नोंद. एकाच संगणकावर एका कंपायलरच्या चार आवृत्त्या सुखाने राहाव्यात, आणि ज्याला जी हवी त्याने ‘मॉड्यूल लोड’ म्हणून ती मागून घ्यावी, असा त्यातील हिशेब. महासंगणकांच्या जगात ही पद्धत अजून ठाम आहे. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ज्या वर्षी परम ८००० उभा केला, त्याच वर्षी ती मांडली गेली हा निव्वळ योगायोग. पण आज पुण्याच्याच आयसरमधील परम ब्रह्म या यंत्रावर जो विद्यार्थी आपले काम घेऊन येतो, त्याच्या तोंडीही पहिली आज्ञा बहुधा ‘मॉड्यूल अव्हेल’ हीच असते, आणि यादीत आपले मॉड्यूल नाही असे दिसले की तोही मुकाट्याने आपल्या होम डिरेक्टरीकडे वळतो.

येथे एल्फिन्स्टनच्या अहवालाकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटते. मिरासदाराचा मान मोठा खरा, पण त्याच्यावर साऱ्याचा बोजाही जड असे. उपऱ्याला मात्र हलक्या दराचा कौल मिळे, आणि न परवडल्यास बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाण्यास तो मोकळा असे. संगणकाच्या गावात मिरासदाराला हा बोजा फार उशिरा कळला. त्याचे यंत्र स्वतःच अनेक कामांसाठी पर्ल आणि पायथन यांवर अवलंबून राहू लागले होते. सेंटओएस या प्रणालीत यम नावाचे साधन, ज्याने सगळे सॉफ्टवेअर बसवावयाचे, ते पायथनमध्येच लिहिलेले होते. उत्साही धन्याने रूटच्या अधिकाराने पायथनची नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसविली की यम मोडे, आणि यम मोडला की झालेले दुरुस्त करण्याचे साधनच हातचे जाई. उपऱ्याकडून असला प्रमाद घडणे शक्य नव्हते. त्याला अधिकारच नव्हता. त्याने आपले घर कितीही बिघडविले तरी एक डिरेक्टरी पुसून टाकली की तो पुन्हा पहिल्यासारखा, आणि सर्व्हर बदलावयाचा झाला तर कोठार गुंडाळून, निदान त्याची यादी खिशात घालून, दुसरीकडे निघावयास तयार. जाणती मंडळी मग आपल्या स्वतःच्या, खिशातील पैशाने घेतलेल्या यंत्रावरही रूटचा पासवर्ड बाजूला ठेवून उपऱ्यासारखी राहू लागली.

पायथनच्या नियमांत पीईपी ६६८ या क्रमांकाने ही वहिवाट शेवटी लेखी झाली. १० जून २०२३ रोजी डेबियन या प्रणालीची बारावी आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावर ज्याने रूट होऊन पिप या पायथनच्या साधनाद्वारे एखादे मॉड्यूल सामाईक जागेत बसवावयास घेतले, त्याला यंत्राने सांगितले की ही जागा दुसऱ्याच्या व्यवस्थापनाखाली आहे, आपण आपले स्वतंत्र कोठार करावे. मिरासदाराला त्याच्याच वाड्यात मिळालेले हे उत्तर वाचून आम्हाला आमचा तो नऊ दिवसांनी परत आलेला अर्ज आठवला. हट्टच असेल तर अजून एक वाट ठेवलेली आहे. पण त्यासाठी आज्ञेच्या शेवटी एक पुरवणी स्वहस्ते लिहावी लागते, आणि तिचे नाव त्यांनी ठेवले आहे ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’.